पायाखालची ओल आणि करडांची हगवण

बार्शी तालुक्यातील एका शेळीपालकाचे पत्र आले आहे. ते लिहितात : ‘माझ्याकडे २२ उस्मानाबादी शेळ्या आहेत. मे महिन्याच्या अखेरीस आठ-दहा दिवसांत बहुतेक शेळ्या व्यायल्या आणि ३४ करडे झाली. शेळ्या दिवसभर चरायला जातात. करडे मात्र पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात कूड घालून कोंडलेली असतात. दूध विकता यावे म्हणून दीड महिना भरताच करडांचे दूध तोडले. त्याच सुमारास पाऊस लागून राहिला आणि शेडमध्ये ओल आली. पुढच्या आठवड्यात करडांना हगवण सुरू झाली. काहींच्या विष्ठेत शेंबडासारखा चिकट पदार्थ, तर दोघांच्या विष्ठेत रक्ताचे धागे दिसले. बारा दिवसांत पाच करडे दगावली, नऊ आजारी आहेत. दुकानातून आणलेले जंताचे औषध दोनदा पाजले, गुण आला नाही. आई म्हणते, कोवळ्या गवताने असे होते. कुक्कुटपालन करणारा मावसभाऊ म्हणतो, ही कोंबड्यांची कॉक्सी आहे, तेच औषध पाज. उन्हाळ्यात आमच्या रानात मेंढ्या बसवणाऱ्या मेंढपाळांच्या कोकरांना असे झालेले मी कधी पाहिले नाही. जंताचे औषध का लागू पडले नाही? कोंबड्यांचे औषध चालेल का? मोठ्या शेळ्यांनाही औषध द्यावे का? घरातल्या लहान मुलांना काही धोका आहे का? उरलेली करडे विकून टाकावीत का?’

आपले पत्र मी दोन वेळा वाचले. पाच करडे गेल्याचे दुःख आपण एका ओळीत लिहिले आहे. पण जी माणसे करडाला बाटलीने दूध पाजून वाढवतात, त्यांना त्या ओळीचे वजन ठाऊक असते. आपल्या सर्व प्रश्नांची उत्तरे देतो. मात्र आधी आज आणि उद्या काय करायचे ते सांगतो, कारण नऊ करडे अजून आजारी आहेत आणि त्यांच्याजवळ वेळ थोडा आहे.

हगवणीने दगावणारे करडू बहुतेक वेळा शरीरातील पाणी आणि क्षार संपल्यामुळे दगावते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर गेली नाही आणि डोळे खोल गेलेले दिसले, तर पाणी कमी झाले आहे असे समजावे. माणसांसाठी मिळणारी जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात, म्हणजे मोठी पुडी असल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी आणि पाच-सहा किलोच्या करडाला एका वेळी १०० ते १५० मिलिलिटर याप्रमाणे दिवसातून चार-पाच वेळा पाजावी. पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तेच द्यावे. सुई काढलेली सिरिंज तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून सावकाश पाजावे आणि मान फार वर उचलू नये, नाहीतर औषध श्वासनलिकेत जाऊन करडू न्यूमोनियाने दगावते. ज्या करडाचे तोंड आतून गार लागते आणि जे गिळत नाही, त्याला काहीही पाजू नये. त्याला पशुवैद्यकाकडून सलाईनच लावले पाहिजे. तोडलेले दूध आजपासून पुन्हा सुरू करावे. दुधाचे चार पैसे बुडतील, परंतु आतड्याला इजा झालेल्या करडाला आईच्या दुधाइतके हलके आणि पौष्टिक दुसरे काही नाही. माणसांची हगवण बांधणारी गोळी मात्र चुकूनही देऊ नये, कारण तिच्यामुळे आतड्याची हालचाल थांबते आणि रोग आतच कोंडला जातो. डाळिंबाच्या सालीचा काढा अनेक घरांत दिला जातो. त्याने विष्ठा थोडी घट्ट दिसू शकेल, पण तेवढ्यावरून रोग हटला असे मानू नये.

उद्या सकाळी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, किंवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरते पथक बोलवावे. जाताना विष्ठेचे नमुने सोबत न्यावेत. नमुना जमिनीवरून उचललेला नसावा. हातमोजा घालून गुदद्वारातून ताजा काढलेला असावा. तीन आजारी आणि तीन वरून निरोगी दिसणाऱ्या करडांचे नमुने वेगवेगळ्या डब्यांत ठेवून त्याच दिवशी पोहोचते करावेत. दुर्दैवाने आणखी एखादे करडू गेलेच, तर ते पुरण्याची घाई न करता शवविच्छेदन करून घ्यावे. दवाखान्यात सोय नसेल, तर जिल्ह्याची रोगनिदान प्रयोगशाळा किंवा पुण्यातील औंध येथील पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा यांच्याकडे नमुने पाठवण्याची व्यवस्था तेथील डॉक्टर करतात.

आता रोगाविषयी. आपण दिलेल्या वर्णनावरून हा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला रक्ती हगवण म्हणतात तो रोग असावा, असे मला ठामपणे वाटते. माझे हे मत मुख्यतः आपल्या पत्रातील तीन गोष्टींवर उभे आहे. पहिली गोष्ट वय. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातील हगवण बहुधा जिवाणूंची असते, तर तीन आठवडे ते पाच-सहा महिने या वयात, आणि विशेषतः दूध तोडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, हा रोग डोके वर काढतो. दुसरी गोष्ट अशी की, आपली करडे चरायलाच गेलेली नाहीत. कोवळ्या गवताने लेंडी सैल होते हे आपल्या आईचे निरीक्षण चुकीचे नाही. पण तसे असते, तर रानात कोवळे गवत खाऊन येणाऱ्या शेळ्या आधी हगल्या असत्या. त्या ठणठणीत आहेत आणि कोंडलेली करडे आजारी आहेत. याच कारणाने जंतांवरचा संशयही कमी होतो, कारण पोटातील बहुतेक गोल जंतांची पिल्ले गवताच्या पात्यांवरून पोटात जातात. तिसरी गोष्ट ओल, आणि तिच्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे.

तरीही डॉक्टरांना काही गोष्टी अवश्य सांगाव्यात. करडांना जोराचा ताप असेल, नाका-डोळ्यांतून घाण येत असेल, तोंडात चट्टे असतील आणि मोठ्या शेळ्याही आजारी पडत असतील, तर पीपीआरचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या झपाट्याने पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाचा, संशय घेतला पाहिजे आणि ते तातडीने कळवले पाहिजे. भरपूर खुराक खाऊन धष्टपुष्ट झालेले करडू रात्रीतून मरून पडले, तर आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाचा, विचार करावा लागतो. पापण्या आतून पांढऱ्याफटक आणि जबड्याखाली पाणी साचल्यासारखी सूज असेल, तर रक्त पिणारे जंत आठवावेत. एका करडाला दोन रोग एकाच वेळी असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये.

जंताचे औषध लागू पडले नाही, कारण हा जंत नाही. आयमेरिया नावाचा हा एकपेशीय परजीवी आहे. त्याचे बाहेर पडणारे कवचबंद अंडे, ज्याला शास्त्रात ऊसिस्ट म्हणतात, ते साधारण २० ते ३० मायक्रॉनचे असते. अशी चाळीस अंडी ओळीने मांडली, तर कुठे एक मिलिमीटर लांबी भरते. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन ही औषधे बहुपेशीय जंतांच्या शरीरावर काम करतात. आतड्याच्या पेशीच्या आत शिरून बसलेल्या या जीवाला त्यांचा काहीही उपद्रव होत नाही. आपण औषध दोनदा दिले यात निष्काळजीपणा नव्हता, फक्त शत्रू वेगळा होता. मात्र तिसऱ्यांदा ते देऊ नये, कारण विनाकारण वारंवार दिलेल्या जंतनाशकाने खऱ्या जंतांना त्या औषधाची सवय होते आणि पुढे गरज पडेल तेव्हा ते निकामी ठरते.

हा जीव कसा जगतो हे समजून घेतले, तर पुढचे सगळे उपाय आपोआप उलगडतात, म्हणून त्यासाठी थोडी जागा घेतो. शेळीच्या लेंडीतून बाहेर पडलेले अंडे त्या क्षणी कच्चे असते आणि कोणालाही रोग देऊ शकत नाही. ते पिकण्यासाठी ओल, ऊब आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. त्या मिळाल्या, तर दोन ते सात दिवसांत अंड्याच्या आत चार कोष आणि प्रत्येक कोषात दोन, असे आठ जीव तयार होतात. असे पिकलेले अंडे चारा, पाणी, आईचे माखलेले सड किंवा करडाने चाटलेली भिंत यांवरून पोटात गेले, की ते आठही जीव आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये शिरतात, तिथे वाढतात, पेशी फोडून बाहेर येतात आणि नव्या पेशींत घुसतात. अशा पिढ्यांमागून पिढ्या होऊन एका अंड्याच्या पोटी लाखोंच्या घरात प्रजा होते. शेवटी नर-मादी तयार होऊन नवी अंडी विष्ठेत उतरतात. अंडे पोटात गेल्यापासून नवी अंडी बाहेर पडेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात आणि आतड्याचे अस्तर फाटण्याचे काम या काळातच उरकलेले असते. याचा अर्थ, आज जे करडू हगते आहे, ते पंधरा-वीस दिवसांपूर्वीच रोग घेऊन बसले आहे. आणि जे करडू आज उड्या मारते आहे, त्याच्या आतड्यात तेच काम कदाचित निम्म्यावर आले आहे.

याच कारणाने विष्ठेची तपासणी एका बाजूने फसवी असते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वाड्यावर करडे हगत असताना मी विष्ठा तपासली, अंडी दिसली नाहीत, म्हणून हा रोग नाही असे सांगून परतलो. दोन दिवसांनी तिथे मेलेले करडू उघडले, तेव्हा लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मोहरीच्या दाण्यांसारखे पांढरट-पिवळसर ठिपके दाटीने पसरलेले होते. अंडी तयार होण्यापूर्वीच हगवण लागली होती आणि माझ्या एका शब्दाने त्या घराचे दोन मोलाचे दिवस वाया गेले. उलट बाजूही तितकीच खरी आहे : धडधाकट करडाच्या विष्ठेतही हजारो अंडी सापडतात, कारण शेळ्यांमध्ये आढळणाऱ्या आयमेरियाच्या जातींपैकी काहीच जाती खऱ्या अर्थाने घातक आहेत. म्हणून प्रयोगशाळेचा आकडा एकटा वाचू नये. करडाचे वय, लक्षणे, जागा आणि शवविच्छेदन यांच्या जोडीने तो वाचावा लागतो. आपल्या शेळ्यांच्या विष्ठेतही अंडी निघतील, त्यावरून घाबरून जाऊ नये.

आता औषधाकडे वळतो. औषध केवळ नऊ करडांना देऊन भागणार नाही. त्या कुडाच्या आत राहिलेल्या सर्व २९ करडांना एकाच दिवशी सुरू केले पाहिजे. आपल्याकडे सल्फा गटातील औषधे, अ‍ॅम्प्रोलियम आणि टोल्ट्राझुरिल ही प्रामुख्याने वापरली जातात. पहिली दोन साधारण पाच दिवस द्यावी लागतात, तर टोल्ट्राझुरिलची बहुधा एक मात्रा पुरते. यांतील कोणते द्यायचे आणि किती, हे करडांचे वजन करून डॉक्टरांनी ठरवावे. अंदाजे दिलेली मात्रा बहुतेक कमी पडते. पिण्याच्या पाण्यात औषध मिसळण्याची सोपी वाट आपल्या बाबतीत मला पसंत नाही, कारण ज्या करडाला औषधाची सर्वांत जास्त गरज असते, तेच पाण्याकडे सर्वांत कमी जाते. प्रत्येकाला हाताने पाजावे.

मावसभावांनी रोगाचा माग अचूक काढला, याचे मला कौतुक वाटते. पण त्यांच्या म्हणण्यात एक दुरुस्ती आहे. कोंबड्यांची कॉक्सी कोंबड्यांपुरतीच असते. आयमेरियाच्या जाती आपापल्या यजमानाशी इतक्या बांधलेल्या असतात, की कोंबडीची जात शेळीला लागत नाही आणि मेंढीची शेळीलाही लागत नाही. त्यामुळे अंगणातल्या कोंबड्यांना किंवा उन्हाळ्यात बसून गेलेल्या मेंढ्यांना दोष देऊ नये. औषधांची नावे मात्र दोन्हीकडे सारखीच असतात आणि गोंधळ तिथेच होतो. कोंबड्यांसाठीचे अ‍ॅम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल भरपूर पाण्यात मिसळून देण्याच्या हिशेबाने बनवलेले असते. बाटलीवरची मात्रा हजार पक्ष्यांची असते आणि ते द्रावण करडाच्या तोंडात थेट ओतणे धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांनी तेच उत्पादन वापरायला सांगितले, तर ते कसे आणि किती पातळ करायचे हे कागदावर लिहून घ्यावे.

अ‍ॅम्प्रोलियमविषयी आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. या औषधाची घडण जीवनसत्त्व बी-१ सारखी असते. परजीवी त्याला बी-१ समजून आत घेतो आणि उपाशी मरतो. म्हणूनच औषध चालू असताना शक्तीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक सोबत पाजले, तर औषधाचा जोर कमी होतो. उलट, ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त काळ औषध चालू ठेवले, तर करडाच्या स्वतःच्या मेंदूला बी-१ कमी पडते आणि ते आंधळ्यासारखे धडपडते, मान मागे ताणून वर बघत राहते. अशी लक्षणे दिसली, तर तासाभराचाही विलंब न करता डॉक्टरांना बोलवावे, कारण बी-१ चे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर करडू वाचू शकते. सल्फा औषधे देताना पाणी भरपूर पाजावे, कारण सुकलेल्या शरीरात त्यांचे खडे मूत्रपिंडात साचतात.

मोठ्या शेळ्यांना औषध देण्याची गरज नाही. लहानपणी थोडाथोडा संसर्ग होऊन त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. त्या आजारी पडत नाहीत, पण आयुष्यभर थोडी अंडी टाकत राहतात आणि विण्याच्या काळात ती वाढतात. गोठ्यातून हा परजीवी कायमचा हद्दपार करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. करडाच्या पोटात अंडी थोडी आणि हळूहळू गेली, तर त्याचे शरीर त्यांना ओळखून तयार होते. एकदम लाखांनी गेली, तर आतडे फाटते. आपले सगळे कसब हा डोस लहान ठेवण्यात आहे. लाखांनी अंडी कुठे पिकली, याचे उत्तर आपल्या पत्रात आहे : पत्र्याखालचा एक कोपरा, मातीची जमीन, ३४ करडे, दोन महिन्यांची साचलेली लेंडी आणि वर पावसाची ओल.

आपण मेंढपाळांच्या कोकरांविषयी लिहिलेले निरीक्षण म्हणूनच मला संपूर्ण पत्रातील सर्वांत मोलाचे वाटले. धनगरांची वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडण्याचे जाळीचे कुंपण, आज या रानात, तर दोन-चार दिवसांनी पुढच्या रानात लागते. लेंडीतली अंडी पिकायला दोन ते सात दिवस लागतात. ती पिकेपर्यंत कळप पुढे गेलेला असतो आणि मागे राहिलेली लेंडी उन्हाळ्याच्या उन्हात तापून कोरडी पडते. या परजीवीला चुन्याची किंवा फिनाइलची फारशी भीती वाटत नाही, परंतु ऊन आणि कोरडेपणा तो सोसू शकत नाही. मात्र त्यांच्या कोकरांना हा रोग होतच नाही, असा समज करून घेऊ नये. मेंढ्यांमधील आयमेरियाच्या जाती वेगळ्या असल्या, तरी त्याही चार ते आठ आठवड्यांच्या कोकरांना अशीच हगवण लावतात, आणि पावसाळ्यात कळप गावी परतून एकाच वाड्यात महिना-दोन महिने बसला, की तिथेही हेच चित्र दिसते. कोकरू तेच, मेंढपाळ तोच. बदललेली असते ती बसण्याची जागा.

आपल्याला रोज रान बदलता येणार नाही, पण रानाचा गुण शेडमध्ये आणता येईल. सर्वप्रथम करडांना त्या कोपऱ्यातून आजच हलवावे. ओसरी, रिकामी बैलगाडी, सोपा, जिथे कोरडे आहे तिथे ठेवावे. आजारी करडे वेगळी असावीत आणि त्यांची देखभाल निरोगी करडांचे सगळे झाल्यावर शेवटी करावी. जुन्या जागेवरची तीन-चार इंच माती खरवडून काढावी आणि ती गोठ्यापासून दूर खड्ड्यात टाकून वर शेण-पाचट घालावे, म्हणजे खत कुजताना तयार होणाऱ्या उष्णतेने अंडी मरतील. खाली मुरूम भरून चोपावा. वर भुरभुरलेला चुना ओल शोषून घेण्यापुरता उपयोगी पडतो. जमीन पाण्याने धुऊ नये, हे मी मुद्दाम सांगतो, कारण स्वच्छतेच्या हौसेने पुष्कळ जण पावसाळ्यात गोठा रोज धुतात आणि अंड्यांना हवी ती ओल आपल्या हाताने पुरवतात. सुके झाडणे पुरेसे असते. मात्र ते रोज, एकही दिवस न चुकवता झाले पाहिजे. कारण दोन दिवसांच्या आत उचललेली लेंडी पिकलेलीच नसते. कुक्कुटपालनात वापरतात ती फ्लेम गन, म्हणजे ज्वाळा सोडणारी नळी, मावसभावांकडे असेल, तर करडे दूर नेऊन मोकळ्या भिंती आणि फरशी तिने जाळून घेता येईल. कूड, पाचट आणि वैरण मात्र आधी बाहेर काढावी. गव्हाणी आणि पाण्याची भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत.

खर्च करण्याची तयारी असेल, तर करडांसाठी बांबूचे किंवा लाकडी पट्ट्यांचे मचाण करावे, असे मी आग्रहाने सांगेन. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच आणि पट्ट्यांमध्ये एक ते दीड सेंटिमीटरची फट ठेवली, म्हणजे लेंडी खाली पडते आणि करडाचा खूर अडकत नाही. ओल्या दिवसांत करडाचे तोंड आणि त्याची लेंडी यांच्यात कायमचे अंतर राखणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

चारा जमिनीवर टाकणे पूर्ण बंद करावे. सुबाभूळ, शेवरी, बोर यांचा पाला दोरीने जुडी बांधून करडाच्या तोंडाच्या उंचीवर टांगावा. शेळीची जात मुळातच मान वर करून पाला ओरबाडणारी आहे, तिला ते आवडते. करडांना गव्हाणीत उडी मारून बसण्याची सवय असते, म्हणून गव्हाणीवर आडवी काठी बांधावी. पाण्याचे घमेले चार विटांवर चढवावे आणि पाणी सांडून खाली चिखल होत असेल, तर त्याची जागा बदलत राहावी. मोठ्या शेळीला साधारण १० ते १२ चौरस फूट जागा लागते. दूध तुटलेल्या करडाला त्याच्या निम्मी तरी द्यावी. वयाने महिनाभर मागेपुढे असलेली करडे एकत्र कोंडू नयेत, कारण मोठी करडे रोग पचवतात आणि त्यांनी टाकलेली अंडी धाकटी खातात. मागचा भाग माखलेल्या करडांना कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे, नाहीतर पावसाळ्यात माशा बसून किडे पडतात.

काही ठिकाणी या रोगाच्या प्रतिबंधासाठी मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेला खुराक दिला जातो. आपल्या भागातील मेंढपाळ बंधूंपर्यंत हा इशारा आपण अवश्य पोहोचवावा : हे औषध घोड्याला थोड्या मात्रेतही घातक असते, हृदयाचे स्नायू निकामी करून ते घोड्याचा जीव घेते आणि कुत्र्यांनाही बाधते. ज्यांच्या बिऱ्हाडात मेंढ्यांबरोबर ओझ्याचे घोडे आणि राखणीची कुत्री असतात, त्यांनी अशा खुराकाचे पोते उघडे ठेवू नये, आणि कोंबड्यांच्या खाद्याचे उरलेले पोते घोड्यापुढे कधीच ओतू नये.

घरातल्या मुलांना शेळीच्या आयमेरियापासून धोका नाही. तरीही हगवण लागलेल्या करडांना हाताळल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम घरात कडक ठेवावा आणि लहान मुलांना सध्या करडांपासून दूर ठेवावे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा या परजीवीचा एक दूरचा नातलग कोवळ्या करडांना हगवण लावतो आणि तो माणसालाही लागतो.

उरलेली करडे आता विकू नयेत. आजारी करडाला बाजारात किंमत येत नाही आणि ते घेणाऱ्याच्या गोठ्यात रोग जातो. औषधाचा अंश मांसात राहतो, त्यामुळे वेष्टणावर आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय कत्तलीसाठी देणेही योग्य नाही. औषधानंतर साधारण आठवड्याभरात लेंडी बांधू लागते, पण फाटलेले आतडे भरून यायला त्याहून अधिक काळ लागतो. त्या काळात दूध, सुका पाला आणि थोडा भरडा यांवर करडे सांभाळावीत. दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहावे. दोन महिन्यांनी जी करडे वजनात मागेच राहिलेली दिसतील, त्यांच्या आतड्याची इजा खोल आहे असे समजून ती पैदाशीसाठी ठेवू नयेत. बाकीच्या पाटी, म्हणजे मादी करडे, निर्धास्तपणे ठेवाव्यात.

त्याच वहीत आणखी एक नोंद करून ठेवावी, ती म्हणजे पहिले करडू नेमक्या कितव्या दिवशी हगू लागले. आपल्या पत्रावरून तो सातवा आठवडा असावा. पुढच्या विताला त्याच्या आठवडाभर आधी, म्हणजे रोग आतड्यात असताना पण हगवण लागण्यापूर्वी, सर्व करडांना डॉक्टरांच्या सल्ल्याने टोल्ट्राझुरिलची एक मात्रा द्यावी. करडू जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत त्याला पोटभर चीक मिळेल, हे पाहावे आणि पाजण्याआधी शेळीचे सड पुसून घ्यावेत. दूध तोडायचेच असेल, तर ते अडीच-तीन महिन्यांनी आणि हळूहळू तोडावे. दूध तोडणे, जागा बदलणे आणि लस टोचणे या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आणू नयेत.

शेळी सुमारे १५० दिवस गाभण राहते. आपल्या शेळ्या डिसेंबरच्या अखेरीस फळल्या, म्हणून मेअखेर व्यायल्या आणि करडे सर्वांत नाजूक वयात ऐन पावसात सापडली. बोकड काही आठवडे वेगळा बांधून शेळ्या पुढच्या वेळी जूनमध्ये भरवल्या, तर त्या नोव्हेंबरमध्ये वितील. तेव्हा बार्शीच्या रानात ज्वारी उभी असते, जमीन वाळलेली असते आणि करडांचे पहिले दोन महिने कोरड्या थंडीत जातात. थंडीपासून बचावासाठी रात्री गोणपाटाचे पडदे लावावे लागतील. प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावर त्यातील आयमेरियाच्या जाती आणि अंड्यांची संख्या मला लिहून कळवावी, म्हणजे मात्रेच्या वेळेविषयी अधिक नेमके सांगता येईल.